'हसलर' म्हणजे नेमकं कोण? कष्टाळू, खटपट्या की लबाड?

इन्स्टाग्रामवर कुणाचं प्रोफाइल उघडलं की नावाखाली दोन-तीन शब्द दिसतात. 'ड्रीमर. ट्रॅव्हलर. हसलर.' लिंक्डइनवर कुणी 'फुल टाइम इंजिनिअर, पार्ट टाइम हसलर' असतं. पहाटे पाचला उठून जिममधला फोटो टाकणारा मित्र खाली लिहितो, 'हसल मोड ऑन'. आपण संदर्भावरून अर्थ लावतो: खूप काम करणारा, सतत धावपळ करणारा, स्वस्थ न बसणारा माणूस.

हा अंदाज चुकीचा नाही, पण अर्धाच आहे. याच शब्दाचा दुसरा अर्थ 'गंडवणारा', 'ठकसेन' असा आहे. तो काही शब्दकोशाच्या तळाशी धूळ खात पडलेला अर्थ नाही. इंग्रजी बोलणारी माणसं आजही तो सर्रास वापरतात. त्यामुळे बायोमधला 'हसलर' एका वाचकाला मेहनती वाटतो आणि दुसरा वाचक गालातल्या गालात हसतो. हे दोन्ही अर्थ एकाच शब्दात कसे आले आणि कुठे कुठला घ्यायचा, ते पाहू.

आधी उच्चार

स्पेलिंगमध्ये 'टी' आहे, पण तो उच्चारायचा नाही. 'लिसन', 'कॅसल', 'व्हिसल' या शब्दांत 'टी' जसा गप्प बसतो तसाच इथेही. म्हणून 'हसल' आणि 'हसलर'. 'हस्टल' किंवा 'हस्टलर' नाही. 'हॉस्टेल'शी याचा काहीही संबंध नाही, जरी हॉस्टेलमध्ये राहणाऱ्यांना बरीच हसल करावी लागत असली तरी.

टोपीतली नाणी

हा शब्द इंग्रजीत आला तो डच भाषेतून, सतराव्या शतकात. डच मूळ शब्दाचा अर्थ होता हलवणं, खुळखुळवणं. इंग्लंडमध्ये तेव्हा एक जुगाराचा खेळ चालायचा. टोपीत नाणी घालायची, टोपी जोरजोरात हलवायची आणि नाणी उधळून छापा-काटा बघायचा. या खेळाला 'हसल-कॅप' म्हणत. शब्दाचं बालपण हे असं पैशांच्या खुळखुळाटात गेलं.

पुढे टोपी हलवण्यावरून माणसाला हलवणं, म्हणजे गर्दीत धक्का देणं, रेटणं, ढकलणं असा अर्थ आला. आणि गर्दीत धक्का कोण मारतं? मुंबईच्या लोकलने प्रवास करणाऱ्याला हे वेगळं सांगायला नको. एकाने धक्का द्यायचा आणि दुसऱ्याने पाकीट मारायचं, ही पद्धत लंडनमध्येही होती. १८२० च्या दशकात 'हसलर' या शब्दाचा अर्थ चक्क 'धक्काबुक्की करून लुटणारा चोर' असा होता.

मग हा शब्द अमेरिकेत रुळला. एकोणिसाव्या शतकात तिथे शहरं झपाट्याने वाढत होती, रेल्वे पसरत होती, गावोगाव फिरून माल खपवणारे विक्रेते तयार झाले होते. घाईघाईने, रेटारेटी करून, जमेल त्या मार्गाने वस्तू मिळवणं किंवा विकणं म्हणजे 'हसल' करणं. असा माणूस दाराशी आला तर वैताग यायचा, पण संध्याकाळी त्याच्या हातात पैसे असायचे. हळूहळू वैतागाची जागा कौतुकाने घेतली. १८८० च्या दशकात 'हसलर' म्हणजे उत्साही, चटपटीत, काम तडीस नेणारा माणूस, हा अर्थ स्थिरावला.

जुना अर्थ मात्र गेला नाही. तो शेजारीच राहिला. आणि विसाव्या शतकात त्याला आणखी एक अर्थ येऊन मिळाला: १९२० च्या दशकापासून अमेरिकी बोलीत वेश्याव्यवसाय करणाऱ्या व्यक्तीलाही 'हसलर' म्हणू लागले. १९७४ साली लॅरी फ्लिंट या प्रकाशकाने याच नावाचं प्रौढांसाठीचं मासिक काढलं आणि ते अमेरिकेत भलतंच गाजलं. त्यामुळे ऑफिसच्या कॉम्प्युटरवर हा एकटा शब्द सर्च करण्याआधी जरा आजूबाजूला बघून घ्या.

एकाच माणसात दोन्ही अर्थ

हा शब्द किती दुटप्पी आहे ते समजून घ्यायचं असेल तर पीट रोझ या बेसबॉल खेळाडूची गोष्ट सांगावी लागते. आपल्याकडे बेसबॉल फारसं कुणी बघत नाही, म्हणून आधी एक नियम. गोलंदाजाने फलंदाजाला चार खराब चेंडू टाकले तर फलंदाजाला पहिल्या बेसवर फुकट जायला मिळतं. आपल्या वाइडच्या धावेसारखंच. घाई कसलीच नसते, बाद होण्याची भीती नसते, म्हणून सगळे रमतगमत चालत जातात. त्या प्रकाराचं नावच 'वॉक' आहे.

१९६३ साली सिनसिनाटी रेड्स संघात नव्याने आलेला पीट रोझ एका सराव सामन्यात या फुकटच्या बेसवरही जीव खाऊन धावत गेला. समोर न्यूयॉर्क यांकीज हा बलाढ्य संघ होता. त्यांचा प्रसिद्ध गोलंदाज व्हाइटी फोर्ड याने या नवख्या पोराची थट्टा करत त्याला 'चार्ली हसल' असं नाव ठेवलं, असं सांगतात. 'बघा बघा, कसा धावतोय' असा तो सूर होता. रोझने ती थट्टा बिरुदासारखी मिरवली. पुढची दोन दशकं तो तसाच धावला. १९८५ मध्ये त्याने टाय कॉब या जुन्या दिग्गजाचा विक्रम मोडला आणि निवृत्त झाला तेव्हा त्याच्या नावावर ४,२५६ हिट्स होत्या. अमेरिकेच्या मेजर लीगमध्ये आजवर कुणीही तो आकडा गाठलेला नाही. उपजत प्रतिभेपेक्षा धडपडीने मोठा झालेला खेळाडू म्हणून घराघरात त्याचं उदाहरण दिलं जायचं.

१९८९ मध्ये उघड झालं की तो बेसबॉलच्या सामन्यांवर सट्टा लावत होता. त्यात तो स्वतः ज्या संघाचा व्यवस्थापक होता त्या संघाचे सामनेही होते. त्याच्यावर आजीवन बंदी आली. जवळपास पंधरा वर्षं तो 'मी नाही त्यातला' म्हणत राहिला आणि २००४ मध्ये आत्मचरित्रात त्याने सगळं कबूल केलं. सर्वाधिक हिट्सचा विक्रम असूनही हयातीत त्याला हॉल ऑफ फेममध्ये जागा मिळाली नाही. २०२४ मध्ये तो वारला आणि २०२५ मध्ये बंदीच्या यादीतून त्याचं नाव काढलं गेलं.

'चार्ली हसल' हे नाव ठेवणाऱ्याला फक्त धावणं दिसलं होतं. नावाने मात्र शब्दकोशातले दोन्ही अर्थ पुरे केले.

सिनेमा आणि संगीतातला हसलर

१९६१ साली आलेल्या 'द हसलर' या चित्रपटात पॉल न्यूमनने बिलियर्ड्ससारखा 'पूल' हा खेळ पैज लावून खेळणाऱ्या तरुणाची भूमिका केली. या धंद्याची रीत साधी असते. अनोळखी अड्ड्यावर जायचं, मुद्दाम वाईट खेळायचं, दोन-चार डाव हरायचे, समोरच्याला फुशारकी चढू द्यायची, पैज वाढवायची आणि मग खरा हात दाखवायचा. ज्या कादंबरीवर हा चित्रपट आहे तिचा लेखक वॉल्टर टेव्हिस. नेटफ्लिक्सवर गाजलेली 'द क्वीन्स गॅम्बिट' ही मालिकाही त्याच्याच कादंबरीवरची.

अलीकडची दोन नावं शेजारी ठेवून बघा. २०१९ चा 'हसलर्स' हा जेनिफर लोपेझचा चित्रपट श्रीमंत गिऱ्हाइकांना लुबाडणाऱ्या बायकांचा आहे. २०२२ चा 'हसल' हा ॲडम सँडलरचा चित्रपट बास्केटबॉलचा गुणी खेळाडू शोधून त्याच्यासाठी घाम गाळणाऱ्या माणसाचा आहे. तीन वर्षांच्या अंतराने, एकाच हॉलिवूडमधून, एकच शब्द दोन टोकांना.

या दोन टोकांच्या मधला अर्थ सगळ्यात जास्त जगला तो अमेरिकेतल्या कृष्णवर्णीय वस्त्यांमध्ये. जिथे नियमित नोकरीची दारं बंद होती तिथे माणूस जगण्यासाठी जे जे करेल ते सगळं 'हसल'. त्यात केस कापणं होतं, जुन्या गाड्या दुरुस्त करणं होतं, आणि कायद्याबाहेरचे धंदेही होते. 'साइड हसल' हा शब्दप्रयोगही १९५० च्या दशकापासून छापील स्वरूपात दिसू लागतो. तिथून तो रॅप संगीतात आला. रॅपर जेव्हा स्वतःला हसलर म्हणतो तेव्हा त्यात कष्ट, धोका, चलाखी आणि 'मी यातून बाहेर पडलो' हा अभिमान, सगळं एकत्र असतं. २०१९ मध्ये एमटीव्हीने भारतात रॅपचा रिॲलिटी शो सुरू केला तेव्हा त्याचं नाव 'हसल' ठेवलं ते याच परंपरेला धरून. अमरावतीचा सौरभ अभ्यंकर, म्हणजे '१००आरबीएच', आपल्यापैकी अनेकांना माहीत झाला तो या कार्यक्रमामुळे. (शंभर म्हणजे हिंदीत 'सौ', पुढे आरबीएच. वाचून बघा.)

गेल्या पंधरा वर्षांत हा शब्द स्टार्टअपवाल्यांनी उचलला. कंपनी उभी करायला तीन माणसं लागतात, असं त्यांच्यात म्हटलं जातं: कोड लिहिणारा हॅकर, डिझाइन बघणारा हिप्स्टर आणि दारोदार फिरून ते विकणारा हसलर. वस्तीतला शब्द असा काचेच्या ऑफिसात आला आणि येताना त्यातली भाकरीची भ्रांत बाहेर राहिली. आज आपण बायोमध्ये जो 'हसलर' वाचतो तो हा काचेच्या ऑफिसातला.

केनियात मात्र निवडणूक जिंकली

हसलर हा शब्द एखाद्या देशाच्या निवडणुकीचा मुद्दा होऊ शकतो का? केनियात २०२२ साली झाला. विल्यम रुटो यांनी 'हसलर विरुद्ध घराणी' अशी मांडणी करून राष्ट्राध्यक्षपदाची निवडणूक लढवली. लहानपणी आपण रस्त्याच्या कडेला कोंबड्या विकल्या, हे ते प्रत्येक सभेत सांगत. पक्षाचं चिन्ह होतं एकचाकी हातगाडी. समोर रायला ओडिंगा, म्हणजे देशाच्या पहिल्या उपराष्ट्राध्यक्षांचे पुत्र, आणि त्यांच्या पाठीशी मावळते अध्यक्ष उहुरू केन्याटा, म्हणजे पहिल्या राष्ट्राध्यक्षांचे पुत्र. हातगाडीवाले, मोटारसायकल टॅक्सी चालवणारे, भाजी विकणाऱ्या बायका यांना 'हसलर' हा आपलाच शब्द वाटला. रुटो थोडक्या फरकाने जिंकले आणि नोव्हेंबर २०२२ मध्ये त्यांनी मोबाइलवरून छोटी कर्जं देणारा 'हसलर फंड' सुरू केला.

विरोधकांचं म्हणणं वेगळं होतं. नऊ वर्षं उपराष्ट्राध्यक्षपद भोगलेला, गडगंज संपत्तीचा मालक हसलर कसला? की दुसऱ्या अर्थाने हसलर? इंग्रजी वर्तमानपत्रांना या शब्दावर कोट्या करायला भरपूर वाव मिळाला. २०२४ मध्ये नव्या करांविरुद्ध केनियातले तरुण रस्त्यावर उतरले, तेव्हा तर हा प्रश्न उघडपणे विचारला गेला.

मराठीत काय म्हणाल?

हसलरला मराठीत एक शब्द नाही, असं म्हणणं सोपं आहे. खरं तर आपल्याकडे एक सोडून पाच-सहा आहेत आणि गंमत अशी की त्यातले निम्मे हसलरइतकेच दुटप्पी आहेत.

'कष्टाळू' आणि 'मेहनती' हे निर्मळ शब्द. पण त्यांत हसलरची चपळाई येत नाही. कष्टाळू माणूस सांगितलेलं काम मान खाली घालून करतो. हसलर काम शोधून काढतो. 'धडपड्या' त्याच्या जास्त जवळचा. पडला तरी उठणारा, स्वतःहून हातपाय हलवणारा, फारसा साधनसंपन्न नसलेला. चांगल्या अर्थाच्या हसलरला मराठीत एकच शब्द द्यायचा झाला तर मी 'धडपड्या' देईन.

'खटपट्या' हा मात्र हसलरचा सख्खा मावसभाऊ. 'मुलगा फार खटपट्या आहे हो' हे वाक्य आजीच्या तोंडी कौतुकाचं असतं आणि शेजाऱ्याच्या तोंडी तक्रारीचं. खटपटीच्या शेजारीच 'लटपट' उभी असते. 'खटपटी-लटपटी करून टेंडर मिळवलं' म्हटलं की कष्ट आणि लबाडी यांची सीमारेषा कुठे होती ते ऐकणाऱ्याने समजून घ्यायचं. इंग्रजीला एका शब्दात जे करावं लागतं ते आपण यमक जुळवून करतो.

'उद्योगी' पाहा. उद्योगी माणूस म्हणजे सतत कामात असलेला, प्रगती करणारा. पण 'काय उद्योग करून ठेवलास?' यातला उद्योग वेगळा आणि 'नसते उद्योग' आणखी वेगळे. १९५९ मध्ये मुंबईत गिरगावात सात बायकांनी ८० रुपये उसने घेऊन पापड लाटायला सुरुवात केली आणि पुढे त्यातून 'श्री महिला गृह उद्योग लिज्जत पापड' उभं राहिलं. तिथे 'उद्योग' हा शब्द पूर्ण सन्मानाने नावात आहे. आज त्या असत्या तर कुणी त्यांच्यावर 'सेव्हन लेडी हसलर्स' अशी रील केली असती.

'साइड हसल'साठी तर आपल्याकडे शेतीतून आलेला चपखल शब्द आहे: जोडधंदा. शेतीला जोडधंदा म्हणून दोन म्हशी, थोड्या कोंबड्या, जमलं तर रेशमाचे किडे. पाऊस दगा देणार हे गृहीत धरून शेतकरी पिढ्यान्‌पिढ्या साइड हसल करतोय. शहरातल्या नोकरदाराने शनिवार-रविवारी लग्नाचे फोटो काढले, घरी केक करून विकले किंवा ऑनलाइन शिकवण्या घेतल्या तर त्याला 'जोडधंदा' म्हणायला काहीच हरकत नाही. 'वरकमाई' मात्र म्हणू नका. शब्दशः अर्थ तोच असला तरी मराठी कानाला त्यात टेबलाखालचा वास येतो. आणि एकाच वेळी पाच साइड हसल सुरू करून एकही नीट न चालवणाऱ्यासाठी 'एक ना धड भाराभर चिंध्या' आहेच.

जोडधंद्याची एक कायदेशीर बाजूही आहे. नोकरी करताना दुसऱ्या कंपनीचं काम घेण्याला इंग्रजीत 'मूनलायटिंग' म्हणतात आणि बऱ्याच नोकऱ्यांच्या करारात त्याला मनाई असते. २०२२ मध्ये प्रतिस्पर्ध्यांसाठी काम करताना सापडलेल्या ३०० जणांना विप्रोने काढल्याचं कंपनीचे अध्यक्ष रिशद प्रेमजी यांनी जाहीर सांगितलं होतं, तेव्हा सोशल मीडियावर मोठा वाद झाला. त्यामुळे लिंक्डइनवर 'साइड हसल' अभिमानाने लिहिण्याआधी स्वतःचं नेमणूकपत्र एकदा वाचावं. तुमचा एचआरही लिंक्डइनवर असतो.

राहिला एक शब्द, जो बायोमध्ये कुणीच लिहीत नाही: 'राबणारा'. पहाटे दूध टाकून, दिवसा सिक्युरिटीची ड्युटी करून, रात्री खाण्याच्या ऑर्डरी पोहोचवणारा माणूस कामाच्या तासांत कुठल्याही हसलरला मागे टाकेल. तो स्वतःला हसलर म्हणवत नाही. तो म्हणतो, 'करावं लागतं'.

मग यात वाईट काय?

'हसलर' हा कौतुकाचा शब्द झाला ते १८८० चं दशक पुन्हा आठवा. त्याच दशकात, त्याच अमेरिकेत, १ मे १८८६ रोजी शिकागोसह अनेक शहरांत कामगार रस्त्यावर उतरले होते. मागणी होती आठ तासांच्या दिवसाची. आपण १ मेला महाराष्ट्र दिनासोबत जो कामगार दिन पाळतो तो त्याच लढ्याच्या स्मरणार्थ. आणि त्याच सुमारास मुंबईत गिरणी कामगार सूर्योदयापासून सूर्यास्तापर्यंत राबत होते. महात्मा फुल्यांचे सहकारी नारायण मेघाजी लोखंडे यांनी १८८४ मध्ये कामगारांच्या सभा घेऊन आठवड्याला एक सुट्टी मागितली. ती मिळायला १८९० उजाडलं. आज आपण ज्या रविवारी 'संडे हसल' असा स्टेटस टाकतो तो रविवार कुणीतरी सहा वर्षं भांडून मिळवलेला आहे.

स्वतंत्र भारतात १९४८ च्या कारखाने कायद्याने आठवड्याला ४८ तासांची मर्यादा घातली. तिच्याकडे पाठ करून अधूनमधून नवा आकडा पुढे येतो. ऑक्टोबर २०२३ मध्ये इन्फोसिसचे सहसंस्थापक नारायण मूर्ती यांनी तरुणांनी आठवड्याला ७० तास काम करावं असं म्हटलं. जानेवारी २०२५ मध्ये लार्सन अँड टुब्रोचे अध्यक्ष एस. एन. सुब्रह्मण्यन यांचं ९० तासांचं आणि रविवारीही काम करण्याचं बोलणं व्हायरल झालं. दोन्ही वेळा मीम्सचा पाऊस पडला, पण बाजू घेणारेही कमी नव्हते. 'हसल कल्चर' म्हणतात ते हेच: थकवा म्हणजे पदक आणि विश्रांती म्हणजे आळस, असं मानणारी वृत्ती.

आरोग्याचा हिशेब वेगळं सांगतो. जागतिक आरोग्य संघटना आणि आंतरराष्ट्रीय कामगार संघटना यांनी मे २०२१ मध्ये एकत्रित अभ्यास प्रसिद्ध केला. आठवड्याला ५५ किंवा त्याहून जास्त तास काम करणाऱ्यांना, ३५ ते ४० तास काम करणाऱ्यांच्या तुलनेत, पक्षाघाताचा धोका सुमारे ३५ टक्क्यांनी आणि हृदयविकाराने मृत्यू येण्याचा धोका सुमारे १७ टक्क्यांनी जास्त आढळला. २०१६ या एका वर्षात अशा लांबलेल्या कामाच्या तासांशी जोडलेले मृत्यू जगभरात अंदाजे ७ लाख ४५ हजार होते. जपानी भाषेत तर अतिकामाने येणाऱ्या मृत्यूला 'कारोशी' हा स्वतंत्र शब्दच आहे. ज्या समाजाला असा शब्द घडवावा लागला त्याने हसलचा पुरेसा अनुभव घेतलेला असतो.

याच कुळातले इतर शब्द

'वर्कोहोलिक' हा शब्द बरेच जण रेझ्युमेमध्ये गुण म्हणून लिहितात. तो 'अल्कोहोलिक'वरून बनवलेला आहे, म्हणजे मुळातच व्यसनाचा शब्द आहे. अमेरिकी धर्मोपदेशक आणि मानसशास्त्रज्ञ वेन ओट्स यांनी तो रूढ केला. १९७१ च्या त्यांच्या पुस्तकाच्या नावातच कामाच्या व्यसनाची कबुली होती. त्यांच्या लहान मुलाने वडिलांना भेटायला अपॉइंटमेंट मागितली तेव्हा त्यांचे डोळे उघडले, असं ते सांगत.

'गो-गेटर' हा स्वच्छ शब्द आहे, ध्येय ठरवून ते मिळवणारा. मुलाखतीत हा चालतो. 'लाइव्ह वायर' म्हणजे चैतन्याने सळसळणारा माणूस, ज्याच्या येण्याने खोली जागी होते. 'ईगर बीव्हर' म्हणजे अति उत्साही, साहेबांनी सांगायच्या आत हात वर करणारा. यात थोडी चेष्टा असते.

आणि 'बिझीबॉडी'पासून सांभाळून. 'बिझी' दिसतंय म्हणून हा शब्द कामसू माणसासाठी आहे असं वाटतं. त्याचा अर्थ आहे लुडबुड्या, दुसऱ्याच्या भानगडीत नाक खुपसणारा. 'माय मदर इज अ बिझीबॉडी' असं आईच्या वाढदिवशी कौतुकाने लिहिलेलं पोस्ट इंग्रजी चांगलं येणाऱ्या मावशीच्या नजरेला पडलं तर पुढचं तुम्ही बघा.

वापरायचा कसा?

ओळखण्याची खूण व्याकरणात आहे. 'ही हसल्ड' असं नुसतं म्हटलं तर त्याने धडपड केली, झपाट्याने काम केलं. 'ही हसल्ड मी' असं म्हटलं, म्हणजे क्रियापदाच्या पुढे माणूस आला, की त्याने मला गंडवलं किंवा घाईगर्दीत रेटलं. 'इट्स अ हसल' हे एखाद्या कामाविषयी म्हटलं तर दमवणारी धडपड. पण एखाद्या योजनेविषयी किंवा कोर्सविषयी म्हटलं तर 'फसवेगिरी आहे, पैसे भरू नका'. 'हसल अँड बसल' या जोडीत मात्र काहीच खोड नाही, ती नुसती गजबज. दादर स्टेशनबाहेर संध्याकाळी असते ती.

मित्रांच्या गप्पांत, रीलच्या कॅप्शनला, रॅपच्या गाण्यात 'हसलर' बिनधास्त चालतो. नोकरीच्या अर्जात, बँकेच्या कर्जाच्या मुलाखतीत, परदेशी विद्यापीठाला पाठवायच्या निबंधात टाळा. तिथे 'हार्डवर्किंग' किंवा 'एंटरप्रायझिंग' हे जुने शब्द आपलं काम चोख करतात. एखाद्या स्त्रीविषयी, विशेषतः वयाने मोठ्या आणि इंग्रजीचा जुना वापर माहीत असलेल्या माणसासमोर, 'शी इज अ हसलर' म्हणू नका. तुमच्या मनात कौतुक असेल, समोरच्याला १९२० च्या दशकातला अर्थ आठवेल. आणि 'हसल' शिकवण्याचा कोर्स विकणाऱ्याचं पेज समोर आलं तर तो कुठल्या अर्थाचा हसलर आहे हे पैसे भरायच्या आधी तपासा.

मराठी कॅप्शन लिहीत असाल तर 'धडपड चालू आहे' हेही एकदा लिहून बघा. खाली कमेंटमध्ये कुणीतरी 'कुठे पडलास?' असं विचारणारच, तेवढी तयारी ठेवा.